समांतर विश्वं चालतात कशी? (सुपरहिरोंची. आपली चालतच नाहीत.)

बँकवाला_०९ | सोमवार, रात्री १०.४०

परवा पुतण्या राहायला आला होता. आठवीत आहे. जेवणं झाल्यावर त्यानं स्पायडरमॅन लावला. मी दोन-तीन डुलक्या काढल्या. शेवटच्या डुलकीतून जागा झालो तर पडद्यावर तीन स्पायडरमॅन, आणि त्यातला वयानं मोठा पाठ धरून उभा. म्हटलं, हा आपला माणूस. पण हे तिघं आले कुठून?

पुतण्यानं अर्धा तास समजावलं. मी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नाही. म्हणून इथं विचारतोय, जाणकारांनी सांगावं.

ही विश्वं आधीपासून असतात, की कुणी काही बदललं की तयार होतात? एका सिनेमात एक सांगतात, दुसऱ्यात दुसरं. आणि त्यांना आकडे कोण देतं? ६१६ म्हणे. हा गट नंबर कुठल्या तलाठ्यानं पाडला?

आता खरा प्रश्न. एक मेला तर दुसऱ्या विश्वातून तसाच दुसरा आणता येत असेल, तर मेलेल्यासाठी रडायचं कशाला? हे विचारल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, तू झोप."

पेठेचा_वाघ | सोमवार, रात्री १०.५२

विषय हार्ड केलास भावा. तो तलाठी घावला तर आमच्या गटाचा उतारा पण काढून घे. आठ महिने हेलपाटे घालायलोय.

रद्दीमहाराज | सोमवार, रात्री ११.३५

पहिल्या प्रश्नाला अमेरिकेतल्या डीसी आणि मार्व्हल या दोन कॉमिक्स कंपन्यांची दोन उत्तरं आहेत. सगळा घोळ तिथंच आहे.

डीसीकडे विश्वं आधीपासून असतात. सुरुवात सप्टेंबर १९६१ची, फ्लॅश या विजेच्या वेगानं पळणाऱ्या हिरोचा १२३वा अंक. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रं कारमाइन इन्फँटिनो. अडचण अशी झाली होती की फ्लॅश दोन होते. पहिला जे गॅरिक, १९४०चा, डोक्यावर पंखांचा टोप घालणारा. त्याचा अंक बंद पडला. १९५६ला कंपनीनं नाव तेच ठेवून बॅरी ॲलन हा नवा माणूस आणला. गंमत म्हणजे हा बॅरी जुन्या फ्लॅशची कॉमिक्स वाचणारा दाखवलाय. म्हणजे जे गॅरिक त्याच्या जगात छापील पात्र. मग १९६१ला या दोघांची गाठ घालायची कशी?

फॉक्सनं तोड काढली ती अशी. दोन पृथ्व्या एकाच जागेवर आहेत, फक्त त्यांच्या कंपनांचा वेग वेगळा, म्हणून एकमेकींना दिसत नाहीत. बॅरी लहान मुलांसमोर दोरीचा खेळ करून दाखवताना इतका जोरात थरथरतो की पलीकडच्या पृथ्वीवर जाऊन पडतो. आणि तिथल्या माणसाची गोष्ट इथं छापून कशी आली? तर फॉक्स नावाच्या लेखकाला झोपेत त्या पृथ्वीवरचं दिसायचं! स्वतःचंच नाव गोष्टीत घालून मोकळा झाला पठ्ठ्या.

मार्व्हलच्या सिनेमांत मात्र फांदी फुटते. २०१९च्या 'एंडगेम'मध्ये ती टकली गुरुबाई हल्कला हेच समजावते. भूतकाळातून ते अफाट शक्तीचे मणी उचललात की तिथून नवी फांदी निघते आणि त्या फांदीवरच्या लोकांची वाट लागते. तुमचा स्वतःचा भूतकाळ मात्र होता तसाच राहतो.

कट_जास्त | सोमवार, रात्री ११.४८

महाराजांचं सोपं करून सांगतो, आपल्या भाषेत.

आमच्या कोपऱ्यावर एक गाडा आहे. सकाळी त्यावर पोहे-उप्पीट, संध्याकाळी सातनंतर त्याच जागेवर ऑम्लेट-पाव. जागा एक, गिऱ्हाईक वेगळं, मालक वेगळे. सकाळचा मालक संध्याकाळच्याला ओळखत पण नाही. ही डीसी. एक दिवस सकाळचा मालक विसरलेला डबा न्यायला संध्याकाळी आला, तो झाला फ्लॅश.

आता मटण. आधी अळणी काढतात. मग त्याच अळणीतनं एकीकडं तांबडा, एकीकडं पांढरा. फोडणी पडेपर्यंत दोन्ही एकच होते. पडल्यावर परत एक करता येत नाहीत. ही मार्व्हलची फांदी.

पेठेचा_वाघ | सोमवार, रात्री ११.५१

तांबडा-पांढरा एकत्र करून वरपणारी माणसं आमच्या घरात हायत. त्याला काय म्हणायचं?

कट_जास्त | सोमवार, रात्री ११.५३

त्याला इन्कर्जन म्हणतात. दोन विश्वं एकमेकांवर आपटली, दोन्ही गेली.

भौतिकी_मॅडम | मंगळवार, सकाळी ७.१५

@कट_जास्त, गाड्याचं उदाहरण मी वर्गात वापरणार आहे. नाव सांगणार नाही.

थोडं खऱ्या विज्ञानाबद्दल. फांद्यांच्या कल्पनेचं मूळ लोक ह्यू एव्हरेटकडे नेतात. प्रिन्स्टनचा विद्यार्थी, १९५७चा प्रबंध. पुंजभौतिकीत मोजमाप केलं की अनेक शक्यतांपैकी एकच का उरते, हा प्रश्न होता. एव्हरेटचं उत्तर असं की एकच उरत नाही, सगळ्याच घडतात. मोजणाऱ्याच्याही तितक्याच आवृत्त्या होतात आणि प्रत्येकीला आपलीच एक शक्यता दिसते.

पण सिनेमावाले दोन गोष्टी सोयीस्करपणे विसरतात. एव्हरेटच्या फांद्यांमध्ये ये-जा नाही. पलीकडच्या स्वतःला भेटून पाठीचं दुखणं विचारता येत नाही. आणि तिथं फांदी फुटायला कुणी नायक लागत नाही. एका अणूनं किरण सोडला की नाही, एवढ्यावर फुटते. तुम्ही चहा घेतला की कॉफी, याच्याशी विश्वाला देणंघेणं नाही. सुपरहिरोंच्या गोष्टीत मात्र फांदी नेमकी महत्त्वाच्या माणसाच्या महत्त्वाच्या क्षणीच फुटते. हे भौतिकशास्त्र नव्हे, नाटक आहे. नाटक म्हणून मला ते आवडतं, फक्त क्वांटम हा शब्द कोथिंबिरीसारखा वरून भुरभुरू नये.

सांगलीकर | मंगळवार, सकाळी ९.०५

मॅडम, कोल्हापुरात चहा की कॉफी असा प्रश्नच नसतो. गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध. त्यामुळं तुमच्या गावाला फांद्याच फुटत नाहीत, एकच विश्व आहे आणि ते तुम्हाला सगळ्यात भारी वाटतं. हलके घ्या.

पेठेचा_वाघ | मंगळवार, सकाळी ९.०७

वाटतं न्हाय, हाय.

आजरा_घनसाळ | मंगळवार, सकाळी ११.२०

सगळे मोठ्या भक्तिभावानं बोलताय म्हणून थोडं मीठ टाकते.

यात विज्ञान कमी आणि हिशेबाची वही जास्त आहे. डीसीनं वेळोवेळी दुसऱ्या प्रकाशनांची पात्रं घेतली आणि त्यांना ठेवायला एकेक पृथ्वी काढली. फॉसेटचा कॅप्टन मार्व्हल आला, त्याला पृथ्वी-एस. क्वालिटीची मंडळी आली, त्यांना पृथ्वी-एक्स, जिथं दुसरं महायुद्ध नाझींनी जिंकलंय. चार्लटनवाल्यांना पृथ्वी-चार. एक पेढी दुसरीत विलीन झाली की जुन्या खात्यांना नवे नंबर पडतात, तसंच हे. बँकवाल्यांना तरी कळायला हवं होतं!

आणि त्या तीन स्पायडरमॅनबद्दल. वीस वर्षांत तीन नट बदलले, तीनदा गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. प्रेक्षक विचारणारच, आधीचे दोघं कुठं गेले. आता उत्तर मिळालं, ते दुसऱ्या विश्वात होते. मालिकेत नटी बदलली की पूर्वी 'प्लास्टिक सर्जरी झाली' म्हणायचे. तेच, फक्त बजेट मोठं.

बँकवाला_०९ | मंगळवार, दुपारी १.३०

@आजरा_घनसाळ, ताई, विलीनीकरणाचं काढू नका. आमचे आयएफएससी कोड बदलले तेव्हा काउंटरवर जे झालं त्यापुढं तुमचं इन्कर्जन काहीच नाही.

पण मग आकडे कंपनीच देते का? गोष्टीच्या आत कुणी देत नाही?

रद्दीमहाराज | मंगळवार, दुपारी २.१०

आत पण देतात. ६१६ हा आकडा ब्रिटनमधून आला. कॅप्टन ब्रिटन म्हणून मार्व्हलचा तिकडचा हिरो होता, त्याच्या गोष्टीत १९८३ला तो छापून आला. कल्पना अशी की प्रत्येक पृथ्वीला आपापला कॅप्टन आहे, त्या सगळ्यांची एक फौज आहे. एवढे एकसारखे लोक एका मैदानात उभे केल्यावर हजेरी कशी घेणार? म्हणून पृथ्व्यांना आकडे.

डॉक्टर स्ट्रेंजच्या २०२२च्या सिनेमात पलीकडच्या विश्वातली शास्त्रज्ञ बाई त्याला सांगते की तुमचं विश्व ६१६ आणि आमचं ८३८.

कट_जास्त | मंगळवार, दुपारी २.१४

स्वतःच्या विश्वाला एक नंबर दिला नाही? म्हणजे बाई कोल्हापूरची नव्हे.

पेठेचा_वाघ | मंगळवार, दुपारी २.१५

आपली पृथ्वी-०९. एमएच-०९चं पासिंग झालंय.

रद्दीमहाराज | मंगळवार, दुपारी २.४०

नंबरावरून डीसीची एक जुनी खोच आहे. १९६३ला त्यांनी नावं पक्की केली. नवे हिरो राहतात ती पृथ्वी-एक आणि जुने राहतात ती पृथ्वी-दोन. म्हणजे १९४०पासून राबलेला जे गॅरिक दुसरा आणि १९५६ला आलेला बॅरी पहिला! घरात थोरल्याला धाकटा म्हणायचा प्रकार. यावर जुने वाचक अजून कुरकुरतात. मी पण.

तिसरी_घंटा | मंगळवार, संध्याकाळी ६.५५

धागा भारी चाललाय, वाचनखूण साठवली.

आपल्याकडे हे नवीन आहे का? विश्वामित्रानं त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टीच उभी केली होती. त्रिशंकू ना इथला ना तिथला, मधेच लटकलेला. स्पायडरव्हर्सच्या सिनेमांत परक्या विश्वात गेलेल्याचं अंग फाटल्यासारखं लकलकतं ना, तसाच. आणि आमच्या घरी रोज संध्याकाळी 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' म्हणतात. अनंत कोटी! डीसी एका वेळी बावन्नवर येऊन थांबली होती.

भौतिकी_मॅडम | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

त्रिशंकूची उपमा सुरेख आहे. पण 'आपल्याकडे हे आधीच होतं' या गल्लीत धागा शिरू नये, तिथून कुणी परत येत नाही.

त्यापेक्षा आपल्याच गावचं एक उदाहरण घ्या. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८चा. मे २०२५मध्ये गेले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा किती जणांनी वाचलीय? इंग्रजी रूप अकरावीच्या पुस्तकात होतं, त्यामुळे मुलांना निदान तेवढं माहीत असतं. इतिहासाच्या प्राध्यापकाला ट्रकचा अपघात होतो आणि तो जातो अशा मुंबईत, जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. फरक केवढा? विश्वासरावांना लागलेली गोळी तिथं कानाला चाटून जाते. एका गोळीवर फांदी फुटते आणि पुढचा सगळा इतिहास बदलतो. परत आल्यावर त्यांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान उरतं, तेवढाच पुरावा.

तिथं कुणी विश्व वाचवायला जात नाही. एक म्हातारा माणूस जातो, ग्रंथालयात बसून वाचतो आणि परत येतो. मला कुठल्याही सुपरहिरोपेक्षा ते जास्त पटतं.

परदेशी_पाहुणा | मंगळवार, रात्री ११.०२

नारळीकरांना दंडवत. शाळेत वाचली होती, रात्रभर झोप नव्हती.

पण मॅडम, सुपरहिरोंवर थोडा अन्याय होतोय. गंगाधरपंत परत आले आणि त्यांच्या आयुष्यात काही मोडलं नाही. स्पायडरव्हर्सच्या दुसऱ्या भागात, २०२३च्या, प्रश्न अवघड केलाय. मिगेल नावाचा एक स्पायडरमॅन हजारो विश्वांची राखण करतोय. त्याचं म्हणणं, प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही घटना व्हायलाच हव्यात, त्यातली एक म्हणजे जवळच्या पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू. तो टाळला तर ते विश्वच फाटतं. आणि माइल्स, म्हणजे गोष्टीतला मुख्य पोरगा स्पायडरमॅन, त्याचा बाप नेमका पोलीस, बढती मिळणार आहे. आता करा.

आजरा_घनसाळ | बुधवार, सकाळी ८.४०

हे आमच्या आजीचं 'कपाळी लिहिलंय' झालं. फक्त कपाळाच्या जागी संगणक.

पेठेचा_वाघ | बुधवार, सकाळी ९.१०

त्या मिगेलचं मला आजिबात पटलं न्हाय. तुझ्या बापाला मरू दे, न्हायतर जग बुडंल म्हणतोय. असा माणूस तालमीत आला असता तर वस्तादानं पहिल्याच दिवशी शड्डू ठोकायला लावून बाहेर काढला असता. माइल्स न्हाय म्हणून पळाला ते बेस्ट केलं. नाद खुळा.

परदेशी_पाहुणा | बुधवार, दुपारी १२.२५

@पेठेचा_वाघ, पण मिगेल खोटं बोलतोय असंही नाही ना. तो स्वतः दुसऱ्या विश्वात एका मेलेल्या मिगेलच्या जागी जाऊन राहिला होता, त्याच्या मुलीचा बाप होऊन. ते विश्व संपलं. त्यानं पाहिलंय. त्याचा नियम चुकीचा असेल, पण तो दुखण्यातून आलाय. 'लोकी' मालिकेतले वेळेचे कारकून बघा, त्यांचं तसं नाही. पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या छाटतात तसं ते विश्व छाटतात. साहेबानं सांगितलंय, छाटा. जेवायच्या सुट्टीत छाटतील. मला ते जास्त भयानक वाटलं.

सांगलीकर | बुधवार, दुपारी १२.४०

ते कारकून बघून मला का कोण जाणे ओळखीचं वाटलं. दगडी इमारत, पंखा, फायली, 'साहेब बाहेर गेलेत'.

तिसरी_घंटा | बुधवार, संध्याकाळी ७.१०

एक खेळ खेळूया का? कोल्हापूरची एखादी फांदी सांगा.

माझी: प्रभात कंपनी १९२९ला इथं सुरू झाली आणि १९३३ला पुण्याला गेली. ती गेलीच नसती तर? बाबूराव पेंटरांपासून सगळं इथंच होतं. त्या विश्वात फिल्म इन्स्टिट्यूट राजारामपुरीत आहे आणि पुणेकर इथं भाड्यानं खोल्या शोधतायत.

कट_जास्त | बुधवार, संध्याकाळी ७.१६

आणि त्यांना मिसळ गोड लागत नाही म्हणून रडतायत.

पेठेचा_वाघ | बुधवार, संध्याकाळी ७.२०

माझ्या विश्वात शाहू स्टेडियमवर फायनलला आमच्या पोराची पेनल्टी बारला लागून बाहेर गेली न्हाय. एवढीच फांदी पायजे. पानिपत ऱ्हाऊ दे.

तिसरी_घंटा | बुधवार, संध्याकाळी ७.२८

आणि माझी दुसरी, खरं तर हीच पहिली. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळलं नाही. बास. पुढं काही लिहीत नाही.

भौतिकी_मॅडम | बुधवार, संध्याकाळी ७.४०

:(

परदेशी_पाहुणा | बुधवार, रात्री ९.३०

माझी पुण्यातली मैत्रीण माझ्या बहिणीला फोनवर 'मी गेलो, मी जेवलो' म्हणताना ऐकून दचकली होती. तिला वाटलं भाऊ बोलतोय. तिला सांगितलं, ही माझीच बहीण, फक्त पृथ्वी-०९ची.

भौतिकी_मॅडम | बुधवार, रात्री ९.३४

त्यात दचकायचं काय? मी पण घरी गेल्यावर तसंच बोलतो.

संपादक | गुरुवार, सकाळी १०.००

मंडळी, फुटबॉलचे सहा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. एक प्रतिसाद काढून टाकला आहे. मूळ विषयावर या. धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न तसाच पडून आहे.

रद्दीमहाराज | गुरुवार, सकाळी ११.१५

बरोबर. रडायचं कशाला, हा प्रश्न.

माझं उत्तर उलटं आहे. दुसऱ्या पृथ्वीमुळंच कधीकधी मरण खरं झालं. पृथ्वी-एकवरचा बॅटमॅन दर महिन्याला विकायचा असतो. त्याला म्हातारा करता येत नाही, मारता येत नाही, धड लग्न लावता येत नाही. पण पृथ्वी-दोनवरचा बॅटमॅन कुणाला नको होता. म्हणून त्याचं सगळं रीतसर झालं. कॅटवूमनशी लग्न झालं, हेलेना नावाची मुलगी झाली, केस पांढरे झाले, पोलीस कमिशनर झाला आणि १९७९ला मेला. त्याची मुलगी हंट्रेस नावाची सुपरहिरो झाली. मला तो जास्त खरा वाटतो. मुख्य विश्वात ज्याला परवानगी नाही ते सगळं बाजूच्या विश्वात करता येतं.

मग १९८५ उजाडलं. कंपनीला वाटलं नव्या वाचकाला एवढ्या पृथ्व्या कळत नाहीत. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझनी बारा अंकांत सगळ्या पृथ्व्यांचा निकाल लावून एकच ठेवली. सुपरगर्ल गेली, बॅरी ॲलन गेला. आणि जे वाचले त्यांचे उतारे बिघडले. पॉवरगर्ल बघा. ती पृथ्वी-दोनच्या सुपरमॅनची चुलतबहीण. पृथ्वी-दोन कधी नव्हतीच म्हटल्यावर हिचं कूळ कुठलं? मग तिला अटलांटिसच्या एका जादूगाराची नात केलं. लोकांना पटलं नाही, परत बदललं. बिचारी वीस वर्षं वारसनोंद शोधत फिरत होती.

पेठेचा_वाघ | गुरुवार, सकाळी ११.२२

तिला म्हणावं माझ्या मागं रांगेत उभी ऱ्हा.

आजरा_घनसाळ | गुरुवार, दुपारी १२.०५

महाराज, तुमचा बॅटमॅन मान्य. पण बॅरी ॲलनला पण पुढं परत आणलाच की. १९८५चं मोठ्ठं मरण, लोक रडले, आणि २००८ला आला धावत. म्हणजे धागाकर्त्याची शंका रास्तच आहे.

आमच्या वडिलांच्या वेताळाचं, म्हणजे फँटमचं, बरं होतं. इंद्रजाल कॉमिक्स मराठीत यायची तेव्हा. बाप मेला की मुलगा तोच वेष घालून गुहेत बसायचा. एकविसावी पिढी! लोकांना वाटायचं तो अमर आहे, वाचकाला माहीत असायचं की नाही. एकच विश्व, मरण खरं, आणि पात्रही चालू. चारशे वर्षं पुरली ती युक्ती.

व्हीनस_कॉर्नर | गुरुवार, रात्री १०.४५

पहिल्यांदाच लिहितोय, इतके दिवस नुसता वाचत होतो. वेताळ निघाला म्हणून.

आमच्या वडिलांकडे मराठी इंद्रजालची एक पेटी होती. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात त्यांची सही आणि कुठल्या दिवशी घेतला ती तारीख. कुणाला वाचायला दिला तर मागं पेन्सिलीनं त्याचं नाव. वडील २०१६ला गेले. पेटी तळमजल्यावर होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आम्ही आईला आणि गॅस सिलिंडरला वर नेलं. पेटी राहिली. पाणी उतरल्यावर उघडली तर कागदाचा एकसंध ठोकळा झाला होता. पानं वेगळी होईनात.

नंतर मित्रानं पुण्याच्या रद्दीतून त्यातलाच एक अंक शोधून दिला. तोच अंक, तेच मुखपृष्ठ, तीच गोष्ट. आत पहिल्या पानावर निळ्या शाईत कुणाचं तरी नाव आणि 'इयत्ता ७ वी ब'. वेताळाला बॉलपेननं मिशा काढलेल्या. मी तो वाचला. चांगला आहे. कपाटात आहे. पण तो आमच्या घरातला नाही.

'इन्फिनिटी वॉर'मध्ये गमोरा मरते आणि मग 'एंडगेम'मध्ये २०१४मधली दुसरी गमोरा येते. तिच्यावर जीव असलेला पीटर क्विल (स्पायडरमॅन नव्हे) तिच्याकडं बघतो आणि ती त्याला ओळखत पण नाही. तिची चूक काय? तिच्यासाठी ते काही घडलेलंच नाही. थिएटरात लोक हसले होते, तिनं त्याला लाथ मारली म्हणून. २०१९च्या एप्रिलमध्ये मी पण हसलो होतो.

भौतिकी_मॅडम | गुरुवार, रात्री ११.०५

लिहीत राहा. नुसतं वाचू नका.

परदेशी_पाहुणा | शुक्रवार, पहाटे २.१०

या प्रतिसादानंतर माझा मिगेलबद्दलचा प्रतिसाद परत वाचला. तो मुलीच्या घरी गेला तेव्हा मुलीला फरक कळला नाही. त्याला मात्र रोज कळत असणार.

बँकवाला_०९ | शुक्रवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. फांदी कळली, कंपन कळलं, आकडे कळले. @व्हीनस_कॉर्नर, तुमचा प्रतिसाद पुतण्याला मोठ्यानं वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पेन्सिलीनं नावं लिहिलेल्या लोकांकडं एखादा अंक राहिला असेल की." मला हे सुचलं नव्हतं.

मग त्यानं विचारलं, दुसऱ्या विश्वातला तू पण बँकेतच असशील का? म्हटलं, हो, पण दुसऱ्या शाखेत. यावर मात्र तो हसला.

सांगलीकर | शुक्रवार, रात्री ९.३१

सांगली शाखेत. पदोन्नतीवर.

व्हीनस_कॉर्नर | शुक्रवार, रात्री १०.०२

पुतण्याला सांगा, मागच्या नावांतली तीन मला अजून पाठ आहेत. दोघं आमच्याच गल्लीतले होते, एक मिरजेचे. उद्यापासून विचारायला सुरुवात करतो.

रद्दीमहाराज | शुक्रवार, रात्री १०.२०

@व्हीनस_कॉर्नर, माझ्याकडं वेताळाचे मराठी पंधरा-वीस अंक आहेत, २००५च्या आसपास महाद्वार रोडवरच्या एका रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेले. काहींच्या मागं पेन्सिलीनं काहीतरी खरडलंय, मी कधी नीट बघितलं नाही. सहीचं तर लक्षातच येत नाही, एकाचं पहिलं पान अर्धं फाटलंय.

व्हीनस_कॉर्नर | शुक्रवार, रात्री १०.२२

कुठनं फाटलंय? वरचा कोपरा आहे का?

रद्दीमहाराज | शुक्रवार, रात्री १०.२९

वरचा नाही. खालचा फाटलाय. वरच्या कोपऱ्यात शाई आहे, पण पुसट. मला चष्म्यानं पण लागत नाही. रविवारी सकाळी या, उजेडात बघू.